पुन्हा पुन्हा हात धुणे, पुन्हा पुन्हा कडी तपासणे : ओसीडी हा आजार समजून घेऊ



गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतली एक मावशी बारावीतल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. तक्रार लघवीच्या जळजळीची होती. आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, "दिवसाला पाणी किती पितेस?" मुलगी खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पीतच नाही, ताई. प्यायले की संडासला जावं लागतं. गेले की हात धुवावे लागतात. धुवायला लागले की थांबता येत नाही."

तेव्हा आम्ही तिचे हात पाहिले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. काही भेगांतून रक्त येत होते.

मग मावशीने सगळे सांगितले. नळाला पाणी येते पाऊण तास. घरात एक पिंप आणि चार हंडे. सार्वजनिक संडासातून आल्यावर ही पोरगी चाळीस-चाळीस मिनिटे मोरीत बसते. पाणी संपते, स्वयंपाक खोळंबतो, शेजारी बोलतात. बापाने दोनदा हात उचलला. आईने साबण कुलपात ठेवला. मधल्या काळात एका बाबाकडे नेऊन आणले, सहा हजार रुपये आणि तीन अमावस्या गेल्या. आजी तर रोज एकच म्हणते, "आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांचा विटाळ सोसला. आता हिला घरच्यांचाच विटाळ व्हायला लागला!"

आजीचे बोलणे आमच्या काळजाला लागले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तो इतिहास आपल्या घराघरात माहीत आहे. अशा घरात एखादी मुलगी शिवाशिवीसारखे वागू लागली की म्हाताऱ्या माणसांना ते सहन होत नाही. पण मावशीला आणि आजीला जे सांगितले तेच आज तुम्हालाही सांगतो. हा विटाळ नाही, नखरा नाही, करणीही नाही. हा आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आजार म्हणजे नेमके काय?

डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. जुनी माणसे 'मंत्रचळ' म्हणत. या आजाराचे दोन भाग असतात.

पहिला भाग विचारांचा. नको असलेला एखादा विचार, चित्र किंवा शंका मनात जबरदस्तीने घुसते आणि जाता जात नाही. "हाताला घाण राहिली." "गॅस चालूच राहिला." "माझ्यामुळे कुणाचा तरी जीव जाईल." विचार आपलाच आहे हे माणसाला कळते. तो अतिरेकी आहे हेही बहुतेकांना कळते. तरीही छातीत धडधडते.

दुसरा भाग कृतीचा. ती धडधड थांबवण्यासाठी माणूस काहीतरी करतो. हात धुतो, कडी ओढून बघतो, आकडे मोजतो, वस्तू एका रांगेत लावतो, घरच्यांना तोच प्रश्न दहा वेळा विचारतो. काही जण मनातल्या मनात एखादे वाक्य ठरावीक वेळा म्हणतात. ते बाहेरून कुणाला दिसत नाही.

कृती केली की जरा बरे वाटते. पण ते पाच-दहा मिनिटेच. मग शंका पुन्हा येते आणि आता एकदा धुऊन भागत नाही, तीनदा धुवावे लागते. खाज सुटलेल्या जागी खाजवल्यासारखे आहे हे. खाजवताना बरे वाटते आणि जखम वाढत जाते.

शंभरातल्या एका-दोघांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. दोन हजार माणसांची वस्ती धरली तर वीस ते चाळीस माणसे झाली. म्हणजे आपल्या गल्लीतही कुणीतरी असणार. बहुतेकांना तो लहानपणी, वयात येताना किंवा विशीच्या आसपास सुरू होतो. बायकांना गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो सुरू होण्याचा किंवा वाढण्याचा धोका जास्त असतो.

स्वच्छता कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो?

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. उत्तर सोपे आहे. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर आणि नर्स हात घासतात, तेसुद्धा पाचेक मिनिटांत संपते. जेवणाआधी आणि संडासानंतर साबणाने मिनिटभर हात धुतले की पुरे. चाळीस मिनिटे धुण्याची गरज जगातल्या कुठल्याच जंतूला नाही.

स्वतःला किंवा घरच्यांबद्दल हे तीन प्रश्न विचारा.

१. या विचारांत आणि कृतींत रोज एक तासाहून जास्त वेळ जातो का?
२. थांबायची इच्छा असूनही थांबता येत नाही का? त्याचा त्रास होतो का?
३. शाळा, काम, स्वयंपाक, झोप, नाती यांत अडथळा येतो का?

उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

विटाळ मानणारा आणि ओसीडीचा रुग्ण यांतला फरकही नीट समजून घ्या. विटाळ मानणारा दुसऱ्याला हलका लेखतो आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही. ओसीडीचा रुग्ण कुणालाच हलका लेखत नाही. तो भीतीने कासावीस झालेला असतो आणि स्वतःच्या वागण्याची त्याला लाज वाटत असते. त्या मुलीनेच आम्हाला विचारले होते, "ताई, मला हे नको आहे. मग मी का करते?"

जे विचार कुणी बोलून दाखवत नाही

हात धुणे निदान दिसते. पण या आजाराचा एक लपलेला प्रकार आहे. त्याविषयी आम्हाला आज मुद्दाम लिहायचे आहे, कारण लाजेपोटी माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात.

एक बाळंतीण. बाळ दीड महिन्याचे. भाजी चिरताना तिच्या मनात अचानक आले, "हा विळा बाळाला लागला तर? मीच मारला तर?" ती घाबरली. विळा माळ्यावर टाकला. मग बाळाला अंघोळ घालणे सोडले. मग बाळाजवळ एकटी बसणे सोडले. सासूला वाटले, हिला लेकराची माया नाही. खरे तर मायाच इतकी होती की त्या विचाराने ती रात्ररात्र रडत होती.

एक तरुण मुलगा. दर पौर्णिमेला विहारात सर्वांच्या आधी हजर. वंदना सुरू झाली की त्याच्या मनात बुद्धमूर्तीविषयी घाणेरडे शब्द येऊ लागले. ते पुसून टाकण्यासाठी तो त्रिसरण पहिल्यापासून म्हणायचा. पुन्हा शब्द यायचे, पुन्हा पहिल्यापासून. लोक म्हणायचे, पोरगा किती श्रद्धावान आहे! एक दिवस त्याने विहारात येणेच बंद केले.

या दोघांनाही ओसीडी होता. हा आजार नेमका आपल्याला जे सर्वांत प्रिय असते त्यावरच घाव घालतो. आईला बाळाविषयी, धम्मावर श्रद्धा असणाऱ्याला बुद्धाविषयी, सभ्य माणसाला अश्लील गोष्टींविषयी विचार येतात. नको नको ते विचार कधी ना कधी जवळपास सर्वांच्याच मनात येतात. बाकीचे लोक "काय वेडे मन आहे" म्हणून पुढे जातात. ओसीडी असलेला माणूस तिथेच अडकतो आणि "असा विचार आला म्हणजे मी तसाच असणार" असे मानून बसतो.

विचार आला म्हणजे कृती झाली असे नाही. असे विचार येऊन भेदरणारा ओसीडीचा रुग्ण ते अमलात आणायला निघालेला नसतो, तो त्यांच्यापासून पळत असतो. आणि त्या तरुणाला जे सांगितले ते विहारात जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. बुद्धांनी कर्म म्हणजे चेतना सांगितले, म्हणजे जाणूनबुजून केलेला संकल्प. इच्छेविरुद्ध मनात घुसलेला शब्द हा संकल्प नाही.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे. बाळंतीण बाई जर रात्रंदिवस झोपत नसेल, असंबद्ध बोलत असेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, किंवा बाळाला इजा करणेच योग्य आहे असे तिला वाटू लागले असेल, तर तो ओसीडी नाही, वेगळा आणि गंभीर आजार आहे. तेव्हा एक दिवसही थांबू नका. तिला आणि बाळाला एकटे न सोडता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

हा आजार का होतो?

एकच एक कारण नाही. मेंदूत धोक्याची सूचना देणारी आणि "झाले, आता सोड" असे सांगणारी एक व्यवस्था असते. ओसीडीमध्ये ही व्यवस्था अडकते. रिक्षाचा हॉर्न अडकून वाजत राहावा, तसे. धोका नसतानाही मेंदू "काहीतरी चुकले" असे सांगत राहतो. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाशी याचा संबंध आहे, कारण त्यावर काम करणाऱ्या औषधांनी हा आजार कमी होतो. काही घरांत तो रक्ताच्या नात्यातही आढळतो. परीक्षा, बाळंतपण, घरातला मृत्यू अशा ताणाच्या वेळी तो उफाळून येतो.

आईने जास्त लाड केले, बापाने कमी शिस्त लावली, मुलगी मोबाइल जास्त बघते, ही कारणे नाहीत. देवाचा कोप नाही, भानामती नाही. अंगात काही शिरले म्हणून कुणी रुग्णाला साखळीने बांधत असेल, मारत असेल, मिरचीची धुरी देत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

घरचेच आजाराला खाऊ घालतात, ते कसे?

हे वाचून कुणाला राग आला तरी चालेल, पण सांगावे लागेल. घरातली माणसे दोन टोकांच्या चुका करतात.

पहिली चूक मारण्याची, चिडवण्याची, साबण लपवण्याची. याने भीती वाढते आणि भीती वाढली की कृती वाढते. आम्हीही या चुकीला अपवाद नाही. रुग्णालयात नवीन असताना आम्ही अशाच एका बाईला "बस झाले आता, मनाचे खेळ आहेत, विचार करणे सोडून द्या" असे सुनावले होते. ती पुन्हा ओपीडीत आली नाही. पदविकेच्या अभ्यासात हा आजार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता, समोर बसलेल्या माणसात ओळखला नव्हता. ती बाई अजून आठवते.

दुसरी चूक मायेपोटी होते. मुलगा विचारतो, "आई, कडी लावली ना?" आई म्हणते, "लावली रे." पाच मिनिटांनी तोच प्रश्न, तेच उत्तर. आई स्वतः उठून कडी ओढून दाखवते. मुलीसाठी बाप जास्तीचे पाणी भरून आणतो. सगळे घर त्या आजाराच्या नियमाने चालू लागते. प्रत्येक उत्तराने, प्रत्येक जास्तीच्या हंड्याने आजाराला खुराक मिळतो.

मग करायचे काय? उत्तर हळूहळू कमी करायचे, तेही आधी बोलून आणि रुग्णाच्या संमतीने. "बाळा, हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे. एकदा उत्तर दिले. आता मी तुझ्याजवळ बसते, पण पुन्हा उत्तर देणार नाही." आवाज मऊ ठेवायचा आणि ठरलेले बदलायचे नाही.

उपचार पहिला : भीतीसमोर थांबायला शिकणे

या आजारावर एक खास उपचार आहे. मानसशास्त्रज्ञ तो शिकवतात. भीतीला थोडे-थोडे सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही, असे त्याचे स्वरूप आहे. लंडनमधील व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली या पद्धतीने रुग्णांना बरे वाटल्याचे मांडले. तोपर्यंत हा आजार हटत नाही असेच बहुतेक डॉक्टर मानत. आज हा उपचार नीट पूर्ण करणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांना चांगला फरक पडतो.

त्या मुलीचा उपचार कसा झाला ते सांगतो. आधी भीतीची शिडी तयार केली. सर्वांत कमी भीतीची गोष्ट खालच्या पायरीवर, सर्वांत जास्त भीतीची वर.

पहिली पायरी : घराच्या दाराच्या कडीला हात लावायचा आणि दहा मिनिटे हात धुवायचे नाहीत. नंतर वीस मिनिटे, मग अर्धा तास.
दुसरी पायरी : चपलेला हात लावून तेच.
तिसरी पायरी : कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला हात लावून तेच.
चौथी पायरी : सार्वजनिक संडासातून आल्यावर साबणाने फक्त एकदा, मिनिटभर हात धुवायचे आणि लगेच अंथरुणाला, वह्या-पुस्तकांना हात लावायचा.

प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे. सुरुवातीला आठ-नऊ असतात. हात न धुता बसून राहिले की भीती वर जाते, तिथे थांबते आणि हळूहळू आपोआप उतरते. रोज केले की ती आधीइतकी वर जात नाही. "न धुताही मी मेले नाही, घरही बुडाले नाही," हे मेंदू अनुभवाने शिकतो. नुसते समजावून सांगितल्याने तो शिकत नाही.

शिडी रुग्णानेच चढायची असते. घरच्यांनी ढकलायची नाही. "चल, आज गटारात हात घाल" असली जबरदस्ती म्हणजे उपचार नव्हे, छळ आहे.

ध्यानाविषयीही लोक विचारतात. आनापान केल्याने मन शांत होत असेल तर जरूर करा, पण ते या उपचाराची जागा घेत नाही. आणि वाईट विचार पुसण्यासाठी वंदना मोजून-मोजून म्हणत असाल तर तीही आजाराची कृतीच झाली. त्या तरुणाच्या उपचारात ठरले ते हेच. वंदना सर्वांबरोबर एकदाच म्हणायची, मध्ये काहीही विचार आला तरी मागे जायचे नाही.

उपचार दुसरा : औषधे

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटालोप्रॅम ही यासाठी वापरली जाणारी औषधे आहेत. क्लोमिप्रामिन हे जुने औषधही चांगले काम करते. कुणाला कोणते आणि किती द्यायचे ते मानसोपचारतज्ज्ञच ठरवतात. शेजारणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नका. औषधांविषयी एवढे लक्षात ठेवा.

ही व्यसन लावणारी औषधे नाहीत आणि झोपेच्या गोळ्याही नाहीत.

परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडतात. तिथेच घात होतो.

उदासीच्या आजारापेक्षा ओसीडीला बऱ्याचदा जास्त मात्रा लागते. गोळ्या वाढवल्या म्हणजे आजार बिघडला असे नाही.

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता, झोपेत बदल होऊ शकतो. बहुधा तो काही दिवसांत कमी होतो. तरुण मुलामुलींकडे पहिल्या काही आठवड्यांत जास्त लक्ष द्या. जीव नकोसा झाल्याचे बोलले तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

बरे वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते. एकदम बंद करायचे नाही, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायचे.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. त्या अवस्थेतही उपचार होऊ शकतो.

आजार सौम्य असेल तर पहिला उपचार एकटाच पुरू शकतो. जास्त असेल तर दोन्ही मिळून घ्यावे लागतात.

जायचे कुठे?

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेले म्हणजे कोंडून ठेवतात ही भीती काढून टाका. ओसीडीच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हावेच लागत नाही.

घरातून निघणे कठीण असेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. २०२२ सालापासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

सरकारी व्यवस्थेतून मानसिक आजारावर उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. गरिबीमुळे, जातीमुळे किंवा धर्मामुळे त्यात भेदभाव करता येत नाही. कुणी टाळले तर न ओरडता, पण ठामपणे या कायद्याचे नाव घ्या.

ओपीडीचा दिवस म्हणजे एक खाडा, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तयारीने जा. आधी आठवडाभर वहीत लिहा. कोणता विचार आला, कोणती कृती केली, किती मिनिटे गेली. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, ही वही पुढे केली की अर्धे काम होते. गर्दीत सांगायची लाज वाटत असेल तर वहीतले पान वाचायला द्या. "कृती थांबवायला शिकवणारे मानसशास्त्रज्ञ इथे आहेत का?" हेही विचारून घ्या. औषधे महाग पडत असतील तर रुग्णालयाच्या औषधालयात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

गोळ्या सुरू होऊन आता दहा महिने झाले. दुसऱ्या महिन्यात ती कंटाळून सोडणार होती, आईने सोडू दिल्या नाहीत. बारावीची परीक्षा दिली. परीक्षेच्या आठवड्यात हात धुणे पुन्हा वाढले, पण ती घाबरली नाही. शिडी पुन्हा खालच्या पायरीपासून चढली. अजूनही कधीकधी तिला दहा मिनिटे लागतात. पाणी मात्र ती आता पोटभर पिते. बापाने मारल्याबद्दल तिची माफी मागितली, ते आम्हाला कुणी सांगितले नाही, आमच्यासमोर घडले.

आजी परवा भेटली. म्हणाली, "आजार होता म्हणून आधी कुणी सांगितलं असतं तर मी लेकराला तसं बोलले नसते."

तेवढ्यासाठीच हे पान लिहिले आहे. येत्या रविवारी विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांत एखादी बाई, एखादा मुलगा मान खाली घालून बसलेला असेल. त्याला सगळ्यांसमोर काही विचारू नका. नंतर एकटे गाठा, जवळ बसा आणि १४४१६ हा क्रमांक हातात द्या.

जय भीम.